एकाच ठशाची तीन नाणी

नंदुरबारच्या सराफ गल्लीत उखा सोनाराचं दुकान होतं. दुकानामागे एक लांबट, अंधारी खोली होती आणि तिच्या छपराला हातभर रुंदीचा एक झरोका. दुपारी बारापासून चारपर्यंत त्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरायचा आणि जमिनीवरून हळूहळू भिंतीकडे सरकायचा. गजराबाई आपला पाट घेऊन त्या पट्ट्यामागे सरकत राहायची. अकरा वर्षं तिच्या दुपारी अशाच चालल्या होत्या.

गजराबाई ही उखाची वहिनी. उखाचा थोरला भाऊ दगा ठसे कोरायचा. काशाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोल कोरायची, त्यावर चांदीचा पातळ पत्रा अंथरायचा, वर शिशाचा गोळा ठेवून हातोडा हाणायचा, की तीच नक्षी पत्र्यावर सुलट उठून येते. सातपुड्यातली माणसं लग्नसराईच्या आधी चांदी घ्यायला खाली उतरत, आणि दगाच्या ठशावरची पदकं मिळाल्याशिवाय परत चढत नसत. दगाला मूलबाळ नव्हतं. रिकाम्या दुपारी त्यानं बायकोच्या हातात कोरणी दिली होती, आधी गंमत म्हणून, मग तिचा हात बघून जरा गंभीरपणे. संवत छप्पनच्या दुष्काळापाठोपाठ पटकी आली आणि दोन दिवसांत दगा गेला. गजराबाई तेव्हा बावीस वर्षांची होती.

उखाचा हात गाळण्यात आणि जोडकामात चांगला होता, पण कोरणी त्याच्या हातात ठरत नसे. दगा गेल्यावर वर्षभरात दोन जुने ठसे झिजले. गिऱ्हाईक परत जायला लागलं. एके दिवशी सकाळी उखाला ऐरणीवर एक नवा ठसा ठेवलेला दिसला. मधोमध चंद्र, भोवती ज्वारीच्या दाण्यांची रांग. त्यानं तो उचलून उजेडात धरला, बोट फिरवलं, मागच्या दाराकडे एकदा बघितलं आणि त्यावर पत्रा अंथरला. तेव्हापासून ठसे गजराबाई कोरत होती आणि गावात ते उखाचे म्हणून चालत होते. उखानं तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी वाकडा शब्द वापरला नाही. त्याची बायको तुळशीबाईसुद्धा बोलायला गोड होती. फक्त या एका गोष्टीबद्दल त्या घरात कुणी कधी तोंड उघडलं नाही.

गजराबाईला त्याचं फार वाईट वाटत होतं असं नाही. तिला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. बाजाराच्या दिवशी ती देवळात जायला निघाली, की समोरून येणाऱ्या बायांच्या गळ्यात, दंडात, पायात तिला ठसे दिसत. हे पदक दगानं मोर कोरला त्या वर्षीचं. ते वाळं चंद्राच्या ठशाचं, पण ठसा झिजल्यानंतरचं, कारण कडेचे दाणे बसके झालेत. ही दोन पदकं एकाच दिवशी पाडलेली, मधल्या पाकळीत चांदीचा कण अडकला होता तेव्हाची. सगळं तिला लख्ख दिसायचं. एकदा तिनं तुळशीबाईला दाखवायचा प्रयत्न केला. तुळशीबाईनं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "माले तं बठ्ठं सारखंच दिसस, वहिनी." त्यानंतर गजराबाईनं कुणाला दाखवलं नाही. पण जे दिसतं ते आपल्या एकटीलाच दिसतं, हे अकरा वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

१९११ सालच्या मार्गशीर्षात दुकानापुढे एक टांगा थांबला आणि त्यातून एक गोरी बाई उतरली. स्टेशनाजवळच्या बंगल्यात रेल्वेच्या पुलांचा साहेब राहत असे, त्याची ही थोरली बहीण. नाव नोरा लीही. चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली, चेहरा उन्हानं लालबुंद. मुंबईत दोन वर्षं मुनशी ठेवून मराठी शिकली होती आणि मुनशीनं तिला पुस्तकातलीच मराठी शिकवली होती.

"मजला थोडी राळ हवी आहे," ती उखाला म्हणाली. "नाण्यांचे छाप घेण्यासाठी. आपण कृपा कराल काय?"

उखा दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याच्या यात्रेला निघायचा होता. दुकानात सामानाची बांधाबांध चालली होती, ओट्यावर गिऱ्हाईक बसलं होतं, आणि साहेबाच्या बहिणीला कुठं बसवावं हे त्याला कळेना. शेवटी त्यानं मधलं दार ढकललं. "वहिनी, मड्डम उनी शे. तिले राळ पाहिजे. छापा तुमीच काढी द्या."

बाई आत आली, झरोक्याखाली बसकण मारून बसली आणि पिशवीतून लाकडी पेटी काढली. पेटीत कापसाच्या घड्यांवर नऊ नाणी होती. पावलीएवढी रुंद, पण कागदासारखी पातळ. एका अंगाला त्रिकोण, त्रिकोणात मुकुट घातलेला, वाटोळ्या तोंडाचा राजा. दुसऱ्या अंगाला कडेपर्यंत पोचलेला लांब क्रूस आणि त्याच्या चारी कोपऱ्यांत तीन तीन दाणे. कडेनं अक्षरं होती, पण बहुतेक नाण्यांच्या कडा कातरलेल्या.

"सहाशे वर्षांपूर्वीची आहेत," नोराबाई म्हणाली. "माझ्या देशाची. आयर्लंड."

गजराबाईला सहाशे वर्षं कळली आणि आयर्लंड कळलं नाही. तिनं कातरलेल्या कडेवरून नख फिरवलं. "चांदी चोरेल शे," ती म्हणाली. "आठे बी असंच कातरतस."

तिनं निखाऱ्यावर राळ मऊ केली, त्यात विटकरीची पूड मिसळली, लहान लहान चकत्या थापल्या, नाण्याला तेलाचं बोट लावलं आणि एकेक नाणं दाबून उचललं. दोन्ही अंगांच्या मिळून अठरा चकत्या. मग सवयीनं तिनं त्या उन्हाच्या पट्ट्यात ओळीनं मांडल्या आणि वाकून बघितल्या.

नाण्यावर जे वर आलेलं असतं ते राळेत खाली जातं. म्हणजे नाण्याचा पुन्हा ठसा होतो. तिच्यापुढे आता कुणा परक्या मुलखातल्या कारागिराच्या हातचे ठसे पडले होते, तो मेल्याला सहाशे वर्षं झाली होती, आणि ते तिला नाण्यांपेक्षा कितीतरी सहज दिसत होते. मग क्रुसाच्या बाजूच्या तीन चकत्या तिनं उचलून वेगळ्या ठेवल्या.

"ह्या तिन्ही एकच ठसाना शेतस."

नोराबाईला वाटलं आपल्याला भाषा नीट कळली नाही. तिनं पुन्हा विचारलं. गजराबाईनं पुन्हा तेच सांगितलं.

"हे कसे शक्य आहे? ही नाणी निरनिराळी आहेत. यावरील अक्षरे तर दिसतही नाहीत. आपणास इंग्रजी अक्षर ठाऊक आहे काय?"

"नही. अक्षर कसाले पाहिजे? ठसा देखाले डोया पाहिजे." तिनं कोरणीचं टोक पहिल्या चकतीवर नेलं. "आठे देखा. ह्या दाणाजवळ चीर शे. बारीक, केसमायक. ठसा फुटाले लागना व्हता." मग दुसऱ्या चकतीवर. "आठे तीच चीर, पन लांबी गयी." आणि तिसऱ्यावर चीर दाण्यावरून थेट क्रुसाच्या दांडीपर्यंत गेली होती. "हाई नाणं पहिलं. हाई मांगून. आनि हाई शेवटलं. यानंतर ठसा टिकना नसीन."

नोराबाईनं भिंग काढलं. तिन्ही चकत्यांवरून ते तिनं तीनदा फिरवलं. मग भिंग मांडीवर ठेवून ती गजराबाईकडे बघत बसली, आणि गजराबाईला एकदम कानकोंडं झालं, कारण आपल्याकडे असं कुणी बघितल्याला किती वर्षं झाली ते तिला आठवेना.

"मी उद्या येते," नोराबाई म्हणाली.

ती दुसऱ्या दिवशी आली आणि त्यानंतर रोज येऊ लागली. उखा यात्रेत होता, दुकानाला फळी लागलेली होती, तुळशीबाई पलीकडे लेकरांत. झरोक्याखाली दोघीच. हळूहळू गजराबाईला सगळी हकीकत समजली. नोराबाईचे वडील डॉक्टर होते. कॉर्क नावाच्या शहराजवळ त्यांचा दवाखाना होता. ज्या शेतकऱ्यांकडे द्यायला काही नसे ते नांगराला लागलेलं एखादं जुनं नाणं आणून देत आणि डॉक्टर तेवढ्यावर खूश असत. ही त्रिकोणाची नाणी त्या काळी तीन शहरांत पाडली जात: डब्लिन, वॉटरफर्ड आणि कॉर्क. डब्लिनची रग्गड सापडत. कॉर्कचं नाणं मात्र मोठमोठ्या संग्रहांतही एखाददुसरंच. आपल्या स्वतःच्या शहराचं एक तरी नाणं हाती लागावं म्हणून डॉक्टर तीस वर्षं वाट बघत राहिले आणि तसेच वारले. त्यांच्या नाण्यांची यादी पुरी करून डब्लिनच्या विद्वानांकडे पाठवायची, एवढं काम त्यांनी लेकीवर सोपवलं होतं.

"या तिहींच्या चिठ्ठीवर बाबांनी डब्लिन लिहिले आहे," ती म्हणाली. "परंतु पुढे प्रश्नचिन्ह आहे."

शहराचं नाव क्रुसाच्या बाजूला कडेनं असायचं. घोटाळा असा होता, की जुन्या लिहिण्यात डब्लिन आणि कॉर्क या दोन्ही नावांची शेवटची दोन अक्षरं सारखी. दोन नाण्यांवर तेवढी दोनच अक्षरं शिल्लक होती. तिसऱ्यावर ती कातरली गेली होती. उलट त्याच बाजूच्या समोरच्या कडेला काही रेघा होत्या, पण त्या वाचता येत नव्हत्या. एकेकटं घेतलं तर प्रत्येक नाणं मुकं होतं.

"पन ठसा तं एकच," गजराबाई म्हणाली. "मंग तीनइसवर जे शे ते एकजागे मांडू."

तिनं भाकरीएवढी राळेची थाळी ओतली आणि तिच्यावर कोरणीनं तो ठसा मोठा करून काढायला घेतला. पहिल्या नाण्यावरचा कोपरा, दुसऱ्यावरची कड, तिसऱ्यावरच्या त्या फुटक्या रेघा. मधल्या चिरेवर बोट ठेवून ती अंतर मोजायची, दाणा कुठं बसतो ते ताडून बघायची, आणि खात्री पटल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही. जे कुठल्याच नाण्यावर दिसत नव्हतं तिथं ती जागा कोरी सोडायची. नोराबाई एकदा म्हणाली, "येथे आपण अंदाजाने काढले तर?" गजराबाईनं मान हलवली. "अंदाजनं काढं तं ते मन्हं व्हई. त्यानं नही."

त्या सगळ्या दुपारी दोघी फार बोलत नसत. बोललं तर एकीची भाषा पोथीतली आणि दुसरीची अहिराणी, त्यामुळे निम्मं हातवाऱ्यांवर जायचं. पण गजराबाई एखाद्या रेघेवर थांबली, की नोराबाईही श्वास धरून थांबायची. "दिसनं?" "दिसले." एवढ्यावर भागायचं. गजराबाईला घरातलं, गल्लीतलं, माहेरचं कुणी कधी इतकं जवळचं वाटलं नव्हतं. चार वाजता उजेड भिंतीवर चढला आणि टांगा निघून गेला, की ती खोली पूर्वीपेक्षा मोठी वाटायची. आधी कधी तिला ती मोठी वाटली नव्हती.

सातव्या दिवशी थाळी पुरी झाली. तिनं रेघांत चुना भरून वरून पुसून घेतलं. काळ्या राळेवर पांढरा क्रूस, बारा दाणे आणि भोवती अक्षरांचं कडं, दोनतीन ठिकाणी तुटलेलं. नोराबाईनं थाळी हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. तिला वाचता येईना.

"हे उलटे आहे," ती हताश होऊन म्हणाली.

"ठसा उलटाच ऱ्हास," गजराबाई म्हणाली. मग तिला सुचलं. तिच्या खोलीत आरसा नव्हता, विधवेला कशाला हवा. तिनं तुळशीबाईला हाक मारून तिचा आरसा मागून घेतला आणि थाळीपुढे धरला.

नोराबाई आरशात बघत एकेक अक्षर वाचत गेली. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या दोन अक्षरांशी ती आली, तेव्हा गजराबाईच्या हातातला आरसा थोडा तिरका झाला आणि तिला स्वतःचा चेहरा दिसला, कपाळाची कातडी सैल पडलेली, कानशिलापाशी पांढरे केस. तिनं पटकन आरसा सरळ केला.

"कॉर्क," नोराबाई म्हणाली. आणि पुन्हा, "कॉर्क. तिन्ही."

मग ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. पेटी मांडीवर तशीच, चिठ्ठ्या हातात तशाच. वडिलांना जन्मभर जे हवं होतं ते एक नाही, तीन तीन त्यांच्याच पेटीत पडलेलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्यांवर दुसऱ्या शहराचं नाव लिहून ठेवलं होतं. गजराबाईला कळेना आपण तिला शिवावं की नाही. साहेबाची बहीण, त्यात आपण विधवा. पण शेवटी तिनं पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसली.

उखा यात्रेहून आला त्याच्या तिसऱ्या दिवशी नोराबाई दुकानात आली. ओट्यावर पाचसहा गिऱ्हाईकं होती. ती आनंदात होती आणि तिला इथल्या रीतीभातींची काय कल्पना. सगळ्यांसमोर तिनं उखाला सांगितलं, "आपल्या वहिनी फार थोर कारागीर आहेत. आपल्या दुकानातले सर्व ठसे त्यांनीच कोरले आहेत ना? त्यांची दृष्टी असामान्य आहे."

उखा हसला. "नही, मड्डम," तो म्हणाला. "ती नुसती ठसा पुसी ठेवस. घरनी बाई शे, तिले काय समजस."

दाराआड गजराबाई उभी होती. तिनं ते ऐकलं. उखाचा आवाज तिला ओळखीचा होता. त्यात खोटेपणापेक्षा भीतीच जास्त होती, हे तिला समजत होतं, आणि समजत असल्यामुळे तिला राग धरता येईना. राग धरता आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नोराबाईनं विचारलं, "आपले दीर असे का म्हणाले?"

"दुकान त्यास्नं शे," गजराबाई म्हणाली, आणि कोरणीला धार लावत बसली.

फाल्गुनात साहेबाची बदली आसामात झाली. निरोप घ्यायला नोराबाई आली ती उभ्या उभ्याच, टांगा बाहेर थांबलेला. तिनं तीन नाण्यांतलं एक, जिथं चीर सगळ्यात लांब होती ते, गजराबाईच्या हातावर ठेवलं. "हे आपण ठेवा. बाबांना आवडले असते."

गजराबाईनं ते बोटांत धरलं, एकदा उजेडाकडे फिरवलं आणि पेटीत परत ठेवलं. "तिन्ही एकजागे ऱ्हावू द्या. एकलं नाणं काय बोलनार नही."

टांग्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. मग कुंभारवाड्याकडचं कुत्रं भुंकलं. तुळशीबाईनं आतून विचारलं, "गयी का मड्डम?" गजराबाई म्हणाली, "गयी."

त्यानंतर दोन वर्षं काही नाही. १९१४च्या उन्हाळ्यात टपालानं एक जाड लिफाफा आला, वर उखाचं नाव. उखानं शाळेतल्या चुनीलाल मास्तरांना वाचायला बोलावलं. आत डब्लिनच्या कुठल्याशा मंडळाचं चार पानांचं छापील पत्रक होतं. त्यात थाळीवरच्या ठशाचं चित्र होतं, अगदी हुबेहूब, कोऱ्या सोडलेल्या जागांसकट. सोबत नोराबाईची मराठी चिठ्ठी. मास्तरांनी छापलेल्या ओळींचा अर्थ लावून सांगितला: ही तीन नाणी एकाच ठशातून पाडलेली असून ती कॉर्क शहरातील आहेत, हे प्रथम नंदुरबार, पश्चिम खानदेश येथील ठसे कोरणाऱ्या कारागीर श्रीमती गजराबाई दगा सोनार यांनी ओळखले.

मास्तरांनी चष्म्यावरून उखाकडे बघितलं. "ठसे कोरणाऱ्या?"

उखानं पत्रक त्यांच्या हातून घेतलं, घडी घातली आणि विषय बदलून सारंगखेड्याच्या घोड्यांवर आणला. मास्तर गेल्यावर तो मागच्या खोलीत आला आणि पत्रक पाटाशेजारी ठेवून म्हणाला, "वहिनी, हाई तुमनं शे. पन कोनले दखाडू नका."

"कोनले दखाडसू?" गजराबाई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कुणी सुचत नव्हतं.

चार दिवसांनी ती तुळशीबाईच्या धाकट्याला घेऊन मास्तरांच्या घरी गेली आणि उत्तर लिहून मागितलं. तिला पुष्कळ सांगायचं होतं. राजाचं तोंड असलेल्या बाजूचं तिला नंतर काहीतरी सुचलं होतं: त्या तिहींतल्या दोहोंवर राजाच्या डाव्या कानापाशी केसांची बट एकदा कोरून पुन्हा खोल केलेली होती, म्हणजे तो ठसा मधेच दुरुस्त झाला असणार. हे तिनं मास्तरांना सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी दौत पुढे ओढली, दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, "बाई, हे लिहिण्यासारखं नाही हो. मी क्षेम कळवतो." त्यांनी क्षेम कळवलं. तेवढ्यात विलायतेत लढाई जुंपली आणि त्या पत्राला उत्तर आलं नाही.

पुढचं पत्र १९१९च्या पावसाळ्यात आलं. इंग्रजीत होतं, आसामहून, नोराबाईच्या भावाचं. मास्तर पोस्टातच भेटले, त्यांनी उभ्यानं वाचून उखाला सांगितलं आणि उखानं घरी येऊन वहिनीला. मिस लीही लढाईच्या काळात मायदेशी परत गेली होती. मागच्या साली तापाची साथ आली तीत ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे नाण्यांची पेटी तिकडच्या संग्रहालयाला दिली आहे. ती तीन नाणी एकत्रच ठेवावीत असं तिनं लिहून ठेवलं होतं.

उखानं एवढं सांगितलं, थोडा वेळ उंबऱ्यात घुटमळला आणि दुकानात गेला.

गजराबाईनं हातातली कोरणी खाली ठेवली. ती परसात गेली, विहिरीतून पाणी काढलं आणि लुगड्यानिशी डोक्यावरून घेतलं. एक घागर, मग दुसरी. बाहेर पाऊस भुरभुरत होता. तुळशीबाई धावत बाहेर आली. या वेळेला, असं डोक्यावरून पाणी, म्हणजे घरात कुणाच्या मरणाची बातमी आली असणार.

"वहिनी! कोन मरनं?"

गजराबाई ओल्या लुगड्यात उभी राहिली. बहीण म्हणावं तर जात नाही, गोत नाही. मैत्रीण म्हणावं तर सगळे मिळून पंधरावीस दिवस. सुतक कुणाचं आणि किती, हे कुठल्या भटजीला विचारणार.

"कोनी नही," ती म्हणाली. "आंग गरम व्हयनं व्हतं."

दहा दिवस तिनं कोरणी हातात घेतली नाही. कुणी विचारलं नाही, पावसाळ्यात तसंही काम कमी. अकराव्या दिवशी तिनं झरोक्याखाली पाट टाकला.

त्यानंतर ती वीसेक वर्षं जगली. त्या वर्षांत फारसं काही घडलं नाही. मुंबईहून आणि राजकोटहून यंत्रावर दाबलेली पदकं यायला लागली, हलकी, चकचकीत, शंभरात एकही वेगळं नाही. उखाचा मुलगा तीच विकू लागला. ठसे फळीवर गेले. गजराबाईचे डोळे अजून शाबूत होते, पण कोरायला कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती गव्हातले खडे निवडायची आणि तिन्हीसांजेला ओसरीच्या कोपऱ्यात बसायची.

१९३६च्या माघात अक्राणीच्या डोंगरातून उदेसिंग नावाचा एक म्हातारा भिल्ल नातीच्या लग्नाची चांदी घ्यायला आला. उखाच्या मुलानं समोर मांडलेली पदकं त्यानं हातात घेऊन तोलली आणि परत ठेवली. त्याला त्याच्या आईच्या गळ्यात होती तशी हवी होती, चंद्राची. मुलगा म्हणाला, तसलं आता कुणी करत नाही. उखा मागे लोडाला टेकून बसला होता. त्याला मोतीबिंदू झाला होता आणि तो दुकानात आता नुसता बसायला येई.

"ठसा शे," उखा एकाएकी म्हणाला. "मन्ही वहिनीनं कोरेल शे. बठ्ठा ठसा तिनाच शेतस."

मुलगा बापाकडे बघत राहिला. उदेसिंगला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. ज्यानं कोरलं त्यानं कोरलं. त्यानं विचारलं, "कितीक दिवस लागतील?"

उखानं मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. गजराबाई दारात आली. साठीला टेकलेली, हातात गव्हाचं सूप. तिनं सगळं ऐकलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी हे शब्द ऐकले असते तर तिचं काय झालं असतं, हे तिला सांगता आलं नसतं. आता तिला फक्त एवढंच वाटलं, की हे कुणाला तरी सांगावं, आणि ज्या एका माणसाला सांगायचं ते कुठल्या मातीत पडलं आहे हेही आपल्याला ठाऊक नाही. उखा तिच्या दिशेनं बघत होता, पण त्याला ती नीट दिसत नव्हती.

"आठ दिन," ती उदेसिंगला म्हणाली. सूप तुळशीबाईच्या हाती देऊन ती फळीवरचे ठसे काढायला आत गेली. चंद्राचा ठसा कडेनं पार झिजला होता. नवा कोरावा लागणार होता, आणि उजेड भिंतीवर चढायला अजून तासभर होता.